डावीकडून तिसरी

पत्र :

प्रिय ताई,

मी पंचवीस वर्षांची आहे. जन्म नाशिकचा. बाबांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी जर्मनीत आले, बॅले इथेच शिकले आणि एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या ऑपेरा हाऊसच्या बॅले कंपनीत समूहात लागले. हा माझा सातवा हंगाम. आईबाबा आता नाशिकला परत गेलेत. दर रविवारी फोनवर आई विचारते, ‘मग, मुख्य काम कधी मिळणार?’ बाबा काही बोलत नाहीत, पण माझ्या शिक्षणासाठी त्यांनी प्लॉट विकला होता, हे मी विसरू शकत नाही.

एका लहान शहरातल्या थिएटरने मला विचारलं आहे. तिथे बाराच नर्तक आहेत. वरची-खालची श्रेणी नाही, सगळ्यांना एकट्याने नाचायला मिळतं. पण काम सगळं आधुनिक, बोटांच्या टोकांवर नाचायचे पॉइंट शूज नाहीतच. जायचं तर ३१ ऑक्टोबरच्या आत इथे तसं लेखी कळवावं लागेल. इथेच राहिले तर आयुष्यभर गर्दीतच राहीन अशी भीती वाटते. त्यात उजवं पाऊल जूनपासून दुखतंय. ‘जिझेल’ हे बॅले तोंडावर आहे, म्हणून कुणाला सांगितलेलं नाही. शिवाय माझे हात इतरांपेक्षा सावळे, त्यामुळे प्रत्येक प्रयोगाआधी त्यांना पांढरा रंग लावतात. तो धुताना फार वाईट वाटतं. कधी कधी मात्र दुसऱ्या अंकात आम्ही सगळ्याजणी एकदम श्वास घेतो, तेव्हा वाटतं की याहून जास्त काही नकोच. मग घरी येऊन रडते. काय करू?

– मागच्या रांगेतली

उत्तर :

प्रिय मागच्या रांगेतली,

मी स्वतः युरोपातल्या एका कंपनीत अकरा हंगाम समूहात नाचले. एकदाही एकटीने टाळ्या घेतल्या नाहीत. आता मुलींना शिकवते. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तू विचारलेल्या क्रमाने उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं.

आधी पाऊल. जूनपासून म्हणजे चार महिने झाले. पॉइंटवर चढल्यावर सगळा भार बोटांमागच्या लांब हाडांवर येतो, त्यातही दुसऱ्या हाडावर. तिथली बारीक चीर बॅलेच्या मुलींमध्ये इतकी ओळखीची आहे की मास्टरीणबाई चालण्यावरून ओळखतात. सुरुवातीला ती साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून ‘एक्स-रे काढला, काही नाही’ एवढ्यावर समाधान मानू नकोस. आणि ‘जिझेल’चा दुसरा अंक काय असतो हे तुला मी सांगायला नको : एक पाय मागे उचलून दुसऱ्या पायावर गुडघा वाकवत उड्या मारत अख्खा रंगमंच ओलांडायचा. ज्या पावलावर तू हे करणार आहेस, ते आज दुखतंय.

मी एका हिवाळ्यात नडगीचं दुखणं लपवलं. डिसेंबरभर ‘नटक्रॅकर’चे प्रयोग होते आणि माझ्या जागी दुसरी आली तर ती जागा तिचीच होईल या भीतीने मी रोज सकाळी पाय बर्फात बुडवून जायचे. जानेवारीत उभं राहता येईना. आठ महिने गेले. लपवलं नसतं तर दीड महिन्यात भागलं असतं असं डॉक्टर म्हणाले. जर्मनीत आजारपणाचे पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, तो कायदाच आहे, कंपनीची मेहरबानी नव्हे. उद्या सकाळच्या क्लासआधी फिजिओकडे जा. परवा नाही, उद्या.

आणखी एक. पाळी वेळेवर येते का? उत्तर मला नको, डॉक्टरांना दे. तीन महिने किंवा त्याहून जास्त चुकली असेल तर ते ‘आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. खाणं कमी आणि मेहनत जास्त झाली की शरीर आधी पाळी थांबवतं आणि मग हाडं ठिसूळ होऊ लागतात. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, तेव्हा माझ्या पिढीतल्या कितीतरी जणींना कळलं की आपल्याला काय झालं होतं. तुझ्या पिढीला हे आधीच ठाऊक आहे. त्याचा उपयोग करून घे.

आता तो शब्द. ‘गर्दी’.

तो वाचून मला वाईट वाटलं, कारण तू सात वर्षं जे काम करते आहेस त्याला तू स्वतःच हे नाव दिलंस. गर्दीत माणूस शेजारच्याकडे बघत नाही. तू प्रयोगभर डोळ्यांच्या कोपऱ्यातून दोन्ही बाजूंच्या मुलींची बोटं बघत असतेस, मान न वळवता. समोरचीची टाच कुठे पडते, रंगमंचाच्या कडेला लावलेल्या आकड्यांपैकी तुझा आकडा कोणता, पुढच्या सुरावर तो कितीने बदलतो, हे सगळं तुझ्या अंगात आहे. दुपारी चार वाजता कुणाचा तरी घोटा मुरगळतो, बोर्डावर नाव बदलतं आणि साडेसातला तू उजव्या बाजूची सातवी म्हणून उभी असतेस. सगळं आरशातल्यासारखं उलटं, आणि प्रेक्षकाला काही कळत नाही. मुख्य नर्तकीला स्वतःचं काम उत्तम यावं लागतं. तुला तुझं आणि आणखी चार जणींचं.

१८९५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला लेव्ह इव्हानोव्हने ‘स्वान लेक’च्या तळ्याकाठच्या हंसिणी रचल्या. आज बहुतेक कंपन्यांत त्या चोवीस असतात. राणी आणि राजपुत्र यांचं संथ युगुलनृत्य चालू असतं तेव्हा त्या दोन्ही बाजूंना स्तब्ध उभ्या राहतात, एक पाय दुसऱ्यामागे, हात खाली गुंफलेले. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्या विसावा घेताहेत. तू आणि मी जाणतो की अख्ख्या संध्याकाळचं सगळ्यात कठीण काम तेच. पोटरीत गोळा येतो, नाकाच्या शेंड्याला खाज सुटते, घाम डोळ्यांत उतरतो आणि हलायचं नसतं. एकीचीही बोटं थरथरली तर सगळ्यांचे डोळे राणीवरून तिच्याकडे वळतील. ती स्तब्धता नसेल तर राणीचं एकटेपण दिसणारच नाही. राणी एकटी दिसते ती चोवीस जणी न हलल्यामुळे.

किंवा ‘ला बायादेर’ घे. १८७७ मध्ये पेतिपाने रचलेलं, त्याच्या कल्पनेतल्या भारतातलं. तो भारत बघून आपल्याला अवघडल्यासारखं होतं, मला तर फारच व्हायचं. पण सावल्यांचा तो प्रवेश! उतारावरून एक मुलगी येते, पुढे झुकते, मागचा पाय वर जातो, ती मागे कलते, दोन पावलं चालते. मग तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. एकच हालचाल. कुठे चोवीस जणी असतात, कुठे बत्तीस. सगळ्यात पुढची मुलगी ते सर्वांत जास्त वेळा करते, म्हणून सगळ्यात खंबीर मुलगी पुढे ठेवतात, आणि बहुतेकदा ती समूहातलीच असते. डोळ्यांवर दिवे, पायाखाली उतार, आधाराला कुणी नाही. मी त्या उतारावर आठवी होते. पहिल्या सात जणी गेल्यावर लाकडातून पायांना जो ताल कळायचा, तो मला आजही रात्री झोपताना आठवतो.

आणि एक गोष्ट तुला माहीत असेल, तरी पुन्हा ऐक. १९३४ मध्ये न्यूयॉर्कला नृत्यरचनाकार बालांशिन आपल्या नव्या शाळेतल्या विद्यार्थिनींसाठी ‘सेरेनेड’ रचत होता. पहिल्या संध्याकाळी सतरा मुली आल्या. सतरा हा मांडायला अवघड आकडा, पण त्याने सतरा जणींचीच मांडणी केली. पुढे एकदा एक मुलगी उशिरा आली, एक धावताना पडली, तर त्याने तेही नाचात घेतलं. आजही पडदा उघडतो तेव्हा सतरा जणी उजवा हात उचलून उभ्या असतात. अमेरिकेतली त्याची ही पहिलीच रचना, आणि तिचा जीव समूहात आहे.

हे सगळं मी तुला थांबवण्यासाठी सांगत नाही. तू काय सोडून जायचा विचार करते आहेस ते तुला नीट दिसावं म्हणून सांगते. जायचं असेल तर त्याचं खरं नाव घेऊन जा.

कारण दुसरी बाजूही खरी आहे. सात वर्षं त्याच जागी राहणं सोपं नसतं. पॅरिस ऑपेरात खालून वर पाच पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या पायरीचं नावच ‘तारा’, आणि तिथवर पोचणारे मोजके. बाकीचे बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत मधल्या-खालच्या पायऱ्यांवर असतात आणि त्यांच्याशिवाय एकही रात्र उभी राहत नाही. मिस्टी कोपलंड २००१ मध्ये अमेरिकन बॅले थिएटरच्या समूहात आली, २००७ मध्ये सोलोइस्ट झाली, २०१५ मध्ये मुख्य नर्तकी. तिचं उदाहरण सगळे देतात. तिच्याबरोबर त्या रांगेत ज्या मुली होत्या आणि रांगेतच राहिल्या, त्यांचं कुणी देत नाही. सातव्या वर्षी पुढे जाता येतं, हे खरं. बहुतेक जणी जात नाहीत, हेही खरं. तुझ्या बाबतीत काय होईल हे मी इथून सांगू शकत नाही, पण तुझा बॅले डायरेक्टर सांगू शकतो, आणि तू त्याला अजून विचारलेलंच नाहीस. तुझ्या अख्ख्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून असं म्हणते.

वेळ मागून घे. कॉरिडॉरमध्ये गाठून नको, ऑफिसमध्ये बसून. ‘मला संधी मिळेल का’ असं विचारू नकोस, त्याला सगळे ‘बघू’ म्हणतात. असं विचार : ‘पुढच्या दोन हंगामांत तुम्ही मला कुठल्या कामासाठी बघता? एखाद्या लहान सोलोसाठी कव्हर म्हणून, म्हणजे ऐनवेळी जागा घेणारी म्हणून, शिकू शकते का?’ मग नीट ऐक. त्याने एखाद्या भूमिकेचं नाव घेतलं, किंवा तुझ्यात काय कमी आहे ते नेमकं सांगितलं, तर दार उघडं आहे. ‘तू समूहाचा कणा आहेस, तुझ्यावर मी डोळे मिटून भरवसा ठेवतो’ असं म्हणाला तर ते मनापासूनचं कौतुक आहे आणि त्याचा अर्थ ‘नाही’ असा आहे. मला हे वाक्य चौथ्या हंगामात ऐकवलं गेलं. मी दोन दिवस रडले, मग सात वर्षं त्याच रांगेत नाचले, आणि ती सात वर्षं माझी सगळ्यात चांगली होती. बोर्डावर नाव शोधत उभं राहणं संपलं. तुझ्या बाबतीत उलटंही होईल, ‘नाही’ ऐकल्यावर तुला तिथे श्वास घेता येणार नाही. तेही चालेल. पण आधी ऐकून तर घे.

त्या बारा जणांच्या थिएटरबद्दल मला आदर आहे. जर्मनीत अशी शहरी थिएटरं पुष्कळ आहेत आणि तिथे फार चांगलं काम होतं. पण तू तिकडे बढती म्हणून बघते आहेस आणि ती बढती नाही. तो निराळा धंदा आहे. जमिनीवर लोळायचं, आपल्या शरीरातून हालचाल काढून रचनाकाराला द्यायची, अनवाणी नाहीतर मोजे घालून नाचायचं. शेवटी शेवटी माझ्या एका मैत्रिणीने ते केलं आणि ती फुलली. दुसरी गेली आणि वर्षभर पॉइंट शूजना रिबिनी शिवायला तिचे हात शिवशिवत राहिले. तू कोणती? सोमवारी वगैरे मोकळा दिवस मिळाला की त्यांच्या क्लासला जाऊन उभी राहा, पाय बरा झाल्यावर. एका सकाळीत बरंच कळतं.

मत मागितलंस म्हणून सांगते : या ३१ ऑक्टोबरला जाऊ नकोस. पाय दुखत असताना आणि घरी येऊन रडत असताना घेतलेला निर्णय असेल तो. तुम्हा लोकांचे करार वर्षावर्षाचे असतात. त्या तारखेपर्यंत कुणी कुणाला ‘नाही’ कळवलं नाही तर पुढचा हंगाम आपोआप मिळतो, म्हणजे हीच तारीख पुढच्या वर्षी पुन्हा येणारच आहे. हे थिएटर तोवर दुसरी कुणी घेईल, हो. दुसरं सापडेल. तुझं पाऊल दुसरं सापडणार नाही.

मी असं म्हणते त्याचं आणखी एक कारण तुझ्याच पत्रात आहे. त्यात आनंदाची एकच ओळ आहे. सगळ्याजणी एकदम श्वास घेता, ती. त्या बारा जणांच्या थिएटरबद्दल तू ‘मिळतं’ असं लिहिलंस. ‘आवडेल’ असं कुठेच लिहिलं नाहीस.

एक मात्र डोळ्यांआड करू नकोस. एकाच थिएटरात पंधरा वर्षं भरली की तिथून सहजासहजी काढता येत नाही, आणि म्हणूनच कित्येकांना चौदाव्या वर्षाच्या आसपास ‘पुढचा हंगाम नाही’ असं पत्र येतं. नवा डायरेक्टर आला की एका झटक्यात निम्मी कंपनी बदललेलीही मी पाहिली आहे. तेव्हा राहिलीस तरी डोळे मिटून राहू नकोस. बर्लिनला ‘श्टिफ्टुंग टान्झ’ ही संस्था २०१० पासून नाचणाऱ्यांना पुढच्या कामासाठी सल्ला आणि मदत देते. आत्ताच एकदा बोलून ये. नाच सोडणाऱ्यांनीच तिथे जायचं असतं असा एक गैरसमज आहे, माझाही होता, आणि मी पाच वर्षं उशिरा गेले.

हातांच्या रंगाबद्दल. मेकअपवाल्या बाईंशी भांडू नकोस, त्यांना वरून सांगितलेलं असतं. बॅले मास्टरला आणि तुमच्या नर्तक-प्रतिनिधीला एकत्र भेट आणि म्हण, की मी माझ्या रंगात नाचणार. ही काही जगावेगळी मागणी नाही. न्यूयॉर्कच्या डान्स थिएटर ऑफ हार्लेममध्ये नर्तक १९७० च्या दशकापासून आपापल्या कातडीच्या रंगाचे मोजे आणि शूज घालतात. लंडनच्या फ्रीड या बॅलेचे शूज बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये ‘बॅले ब्लॅक’ कंपनीबरोबर तपकिरी रंगाचे पॉइंट शूज आणले, तोवर मुली रात्री बसून गुलाबी सॅटिनवर फाउंडेशन थापायच्या. ‘पण जिझेलमधल्या विली तर भुतं, त्या पांढऱ्याच हव्यात’ असं कुणीतरी म्हणेल. मलाही म्हणाले होते. निळा दिवा सगळ्यांवर सारखाच पडतो. रांग हातांच्या कोनाने जुळते, रंगाने नाही. मी माझ्या वेळी गप्प बसले आणि त्याचं मला आजही दुःख आहे. तू गप्प बसू नकोस.

राहिले आईबाबा. बाबांनी तुझ्याकडे हिशेब मागितलेला नाही. प्लॉट त्यांनी विकला तो तुला नाचता यावं म्हणून, आणि तू नाचते आहेस, पगार घेऊन, जगातल्या फार थोड्यांना मिळतं अशा ठिकाणी. त्यांच्या गप्प बसण्यात तू जे ऐकते आहेस ते त्यांनी म्हटलेलं नसेलही. एका रविवारी आईच्या हातून फोन मागून घे आणि त्यांनाच विचार.

आईला समजावताना बॅलेची भाषा वापरू नकोस. तुम्ही नाशिकचे. त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते ती तिने लहानपणापासून पाहिली असेल. दिंडीत वीणा एकाच्याच गळ्यात असते, टाळकरी कितीतरी. कुठल्याही टाळकऱ्याला त्याच्या घरचे ‘वीणा कधी मिळणार’ असं विचारत नाहीत. सगळे टाळ एका ठोक्यावर पडले की अंगावर काटा येतो, आणि एक जरी मागे-पुढे झाला तरी वारकऱ्याच्या लगेच कानावर येतं. आईला सांग की मी ते करते. तिला कळेल. माझ्या आईला कळलं होतं, फक्त मला सांगायला नऊ वर्षं लागली.

आणि तिला एकदा बोलाव. ती याआधी आली असेल तेव्हा तू कौतुकाने पुढच्या रांगेतलं महाग तिकीट काढलं असशील, आपण सगळ्याच ती चूक करतो. पुढून मुख्य नर्तकीचा चेहरा आणि तिचे शूज दिसतात, मागची रांग एकमेकींमागे झाकली जाते. पाय बरा झाला आणि तू पुन्हा ‘जिझेल’मध्ये उभी राहिलीस की वरच्या बाल्कनीतलं, मधोमध, स्वस्तातलं तिकीट काढ. दोन्हीकडून विली उड्या मारत येतात, दोन रांगा एकमेकींतून आरपार जातात, ते वरूनच दिसतं. पॅरिसमध्ये १८४१ साली हे बॅले पहिल्यांदा झालं आणि आजही त्या क्षणी लोक मध्येच टाळ्या वाजवतात. आईला आधी सांगून ठेव, कुठे बघायचं ते. डावीकडून तिसरी, की तू जी कितवी असशील ती. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

– ताई